थंडीच्या लाटेनंतरचा वसंत : गुंजी ते निपाणी पट्ट्यातील हवामानाचा अदमास

माघ सरत आला की उत्तरेकडील थंडीची शेवटची लाट दक्षिणेकडे येऊन विरते आणि हवामान पालटू लागते. सकाळी अंगावर घोंगडी आणि दुपारी डोईवर उन्हाचा ताप, असे विषम दिवस याच काळात अनुभवास येतात. आंब्याला व काजूला मोहर आलेला असतो, हरभरा व शाळू काढणीस आलेला असतो, निपाणीकडे तंबाखूचा पाला शेतात वाळत पडलेला असतो आणि खानापूरच्या परिसरात कच्च्या विटांचे थर उभे असतात. या सर्वांचे बरेवाईट पुढील आठ-दहा आठवड्यांच्या हवामानावर अवलंबून असते. सबब, थंडीची लाट ओसरल्यानंतर आपल्या भागात हवामानाचा क्रम सर्वसाधारणपणे कसा राहतो, तो तसा का राहतो आणि वेधशाळेच्या अंदाजाचा उपयोग ग्रामस्थांनी, शिक्षकांनी व गावपातळीवरील अधिकाऱ्यांनी कसा करून घ्यावा, याची माहिती येथे देण्याचे योजिले आहे.

गुंजी हे गाव खानापूर तालुक्यात, बेळगाव-लोंढा रेल्वेमार्गावर खानापूर व लोंढा या स्थानकांच्या दरम्यान वसलेले आहे. माउलीदेवीच्या देवस्थानामुळे ते सर्वपरिचित आहे. येथून पश्चिमेकडे सह्याद्रीचे दाट अरण्य व त्यापलीकडे गोवा, तर पूर्वेकडे क्रमाक्रमाने कोरडे होत जाणारे पठार. उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरवर निपाणी आहे. एवढ्याशा अंतरात हवामानाचे किती भेद आढळतात, हे पावसावरून कळते. मलप्रभेचे उगमस्थान असलेल्या कणकुंबीच्या बाजूस पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो, बेळगाव शहरी तो बेताचा होतो आणि त्याच जिल्ह्यातील अथणीकडे अवर्षणाची भीती कायम असते. पावसाळ्यात जो भेद दिसतो तोच वसंतातही निराळ्या रूपाने दिसतो.

थंड हवेची आघाडी म्हणजे काय?

थंड व जड हवेचा मोठा लोट उबदार हवेच्या प्रदेशात शिरतो तेव्हा या दोन हवांमध्ये एक सीमा निर्माण होते. हवामानशास्त्रात तिला शीत सीमापृष्ठ किंवा थंड हवेची आघाडी असे म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस नॉर्वेमधील बर्गेन या गावी विल्हेल्म बियर्क्नेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी या सीमांचा पद्धतशीर अभ्यास केला. दोन सैन्यांच्या आघाड्या एकमेकींस भिडाव्यात तशा या हवा भिडतात, या कल्पनेवरून त्यांनी हे नाव योजिले.

थंड हवा जड असल्यामुळे ती जमिनीलगत पाचरीसारखी पुढे सरकते आणि उबदार हवेला वर उचलते. वर गेलेली हवा निवते, तिच्यातील बाष्पाचे ढग बनतात आणि पाऊस पडतो. आघाडी पुढे गेली की आकाश निरभ्र होते, वारा दिशा बदलतो, हवेचा दाब वाढतो आणि पारा उतरतो. युरोप व अमेरिकेत हा प्रकार नित्याचा आहे. भारतात तो मुख्यतः उत्तरेकडे, हिवाळ्यात दिसून येतो. भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे येणारे कमी दाबाचे प्रवाह, ज्यांना आपण पश्चिमी विक्षोभ म्हणतो, ते काश्मीर व हिमाचल प्रदेशात बर्फ आणि पंजाब-हरियाणात पाऊस देतात. हिवाळ्यात दरमहा साधारणतः चार ते सहा विक्षोभ येतात. ते पूर्वेकडे सरकले की त्यांच्या मागोमाग वायव्येकडील कोरडी व थंड हवा राजस्थान, गुजरात व मध्य प्रदेशात उतरते. तिलाच आपण थंडीची लाट म्हणतो.

आपल्याकडे ती कोणत्या रूपात येते?

दिल्लीपासून बेळगाव सरळ रेषेत सुमारे चौदाशे किलोमीटर आहे. एवढ्या वाटेत थंड हवेच्या तळाला जमिनीची ऊब सतत मिळत राहते आणि विंध्य-सातपुड्याच्या रांगाही आडव्या येतात. त्यामुळे आपल्यापर्यंत पोहोचेतो त्या आघाडीची धार बोथट होते. येथे आघाडीचा पाऊस पडत नाही. येथे येतो तो तिचा कोरडेपणा. आकाश स्वच्छ होते, वारा उत्तरेकडून व ईशान्येकडून वाहू लागतो आणि रात्री जमिनीतील उष्णता आड ढग नसल्यामुळे सरळ आकाशात निघून जाते. म्हणून पहाटे पारा खाली येतो. दुपारी मात्र त्याच निरभ्र आकाशातून ऊन जमिनीवर पडते आणि पारा झपाट्याने चढतो. पहाटे बारा-तेरा अंश व दुपारी तीस अंशांच्या वर, असा सतरा-अठरा अंश सेल्सिअसचा फरक या दिवसांत आश्चर्याचा नाही.

गुंजीसारख्या डोंगरांमधील गावात आणखी एक गोष्ट घडते. रात्री निवलेली जड हवा उतारावरून पाण्यासारखी खाली वाहत येऊन खोलगट भागात साचते. त्यामुळे माळावरच्या वस्तीपेक्षा ओढ्याकाठच्या शेतात थंडी अधिक वाजते, दव अधिक पडते व धुके उशिरा विरते. एकाच गावातील दोन बागांमध्ये मोहरावरील रोगाचे प्रमाण निरनिराळे दिसते, त्याच्या कारणांत हेही एक आहे.

लाट ओसरल्यानंतरचा क्रम

थंडीची लाट संपल्यानंतरच्या घडामोडी सामान्यतः तीन टप्प्यांत होतात. पहिल्या टप्प्यात, म्हणजे तीन-चार दिवस, कोरडे उत्तरी वारे टिकतात. दुसऱ्या टप्प्यात मध्य भारतावरील जास्त दाबाचे क्षेत्र पूर्वेकडे सरकते आणि आपल्याकडील वारे पूर्वेचे वा आग्नेयेचे होतात. हे वारे बंगालच्या उपसागरावरील ओलावा थोडाफार घेऊन येतात. रात्रीची थंडी कमी होते, आकाशात पांढरे विरळ ढग दिसू लागतात आणि सकाळी दमटपणा जाणवतो. पाठोपाठ नवा विक्षोभ आला नाही तर तिसरा टप्पा सुरू होतो आणि दिवसाचे तापमान पायरीपायरीने वाढत जाते.

‘होळी जळाली, थंडी पळाली’ अशी म्हण आपल्याकडे रूढ आहे आणि ती स्थूलमानाने खरी आहे. फाल्गुन पौर्णिमेच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताजवळ आलेला असतो, दिवस मोठा झालेला असतो आणि उत्तरेकडील विक्षोभांचा मार्गही हळूहळू वर सरकू लागतो. तथापि होळी तिथीनुसार येते. कधी ती मार्चच्या आरंभी तर कधी अखेरीस असते. हवामान तिथी पाहत नाही. यास्तव म्हणीवर विसंबून पाला उघड्यावर ठेवणे किंवा रोपांवरील आच्छादन काढणे श्रेयस्कर नव्हे.

एप्रिलमध्ये बेळगावच्या पठारावर दुपारचे सरासरी तापमान पस्तीस-छत्तीस अंशांच्या आसपास असते. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर असल्यामुळे हा भाग विदर्भासारखा तापत नाही. मे महिन्यात पश्चिमेकडील ओले वारे व वळवाच्या सरी यांमुळे पारा पुढे फारसा चढत नाही, काही दिवस तो उतरतोही. उन्हाळ्याचा कडाका आपल्याकडे बहुधा एप्रिलच्या उत्तरार्धात असतो तो यामुळे.

वळीव कसा जमतो?

वसंतात द्वीपकल्पाचा अंतर्भाग तापला की जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर जाते आणि विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकाच्या अंतर्भागापर्यंत कमी दाबाचा एक लांबट पट्टा तयार होतो. त्याच्या एका बाजूस अरबी समुद्राकडून येणारे ओले वारे, तर दुसऱ्या बाजूस निराळ्या दिशेचे वारे असतात. वेधशाळेच्या निवेदनात ‘वाऱ्यांची खंडितता’ किंवा ‘कमी दाबाचा पट्टा’ असे शब्द येतात ते यालाच उद्देशून.

गुंजी परिसरात यात स्थानिक भर पडते. दुपारनंतर समुद्राकडील खारा वारा घाट चढून लोंढ्याच्या बाजूने आत येतो. पठारावरील तापलेल्या कोरड्या हवेशी त्याची गाठ पडते, सह्याद्रीचा चढ त्या हवेला आणखी वर लोटतो आणि तीन-चारच्या सुमारास काळे ढग उभे राहू लागतात. दुपार उकाड्याची, सायंकाळ वादळाची व रात्र गार, हा वळवाच्या दिवसाचा परिचित क्रम या कारणाने घडतो. मार्चमध्ये असा पाऊस क्वचित पडतो, एप्रिलमध्ये तो वाढतो व मे महिन्यात अधिक होतो. तो एका गावी पडतो आणि शेजारच्या गावी धूळ उडत राहते, कारण एकेका ढगाचा विस्तार काही किलोमीटरच असतो.

गारा मार्चमध्येच का पडतात?

गारपीट ही थंडीच्या आघाडीची आपल्याला लाभलेली सर्वांत घातक देणगी आहे. उंच ढगात वर जाणारा हवेचा झोत पाण्याच्या थेंबांना गोठणबिंदूच्या पलीकडे नेतो. तेथे त्यांचा बर्फ होतो, त्यावर पाण्याचे नवे थर गोठत जातात आणि वजन झोताला पेलेनासे झाले की गारा खाली पडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेकडील एखादा जोरकस विक्षोभ वरच्या थरांत थंड हवा दक्षिणेपर्यंत ढकलतो. त्याच वेळी जमीन तापू लागलेली असते. खाली ऊन व वर थंडी, असा तीव्र फरक पडला की ढगातील झोत जोर धरतो. शिवाय गोठणपातळी त्या मानाने खाली असल्यामुळे गारांना वाटेत वितळण्यास कमी अवधी मिळतो. पावसाळ्यात ही पातळी उंच असते आणि हवा दमट असते, म्हणून मुसळधार पाऊस पडूनही गारा पडत नाहीत.

इ. स. २०१४ चे उदाहरण आजही शेतकऱ्यांच्या स्मरणात आहे. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात व उत्तर कर्नाटकाच्या काही भागांत वारंवार गारपीट झाली. काढणीस आलेला गहू, हरभरा, ज्वारी, तसेच द्राक्षे व डाळिंबे यांची अपरिमित हानी झाली. उत्तरेकडून आलेला वरच्या थरातील थंड हवेचा प्रवाह आणि दोन्ही समुद्रांकडून आलेले बाष्प यांची गाठ द्वीपकल्पावर पडल्याचा तो परिणाम होता.

एका महिन्यावरून पुढचा महिना ओळखता येतो काय?

फेब्रुवारी तापला म्हणजे उन्हाळा कडक, असा समज सर्वत्र आढळतो. गेल्या काही वर्षांच्या नोंदी तो समज ठाम धरू देत नाहीत. इ. स. २०२२ चा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील तोवरचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. त्या महिन्यात देशभर पाऊस सरासरीपेक्षा सुमारे ७१ टक्के कमी पडला. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, फेब्रुवारी महिना दिवसाच्या सरासरी कमाल तापमानाच्या बाबतीत उच्चांकी ठरला. तेव्हा मार्च अधिकच भाजून काढील, अशी धास्ती सर्वांना वाटत होती. प्रत्यक्षात मार्चच्या मध्यास विक्षोभ आले, महाराष्ट्र, तेलंगण व उत्तर कर्नाटकात गारांसह पाऊस झाला आणि देशाचा त्या महिन्याचा पाऊस सरासरीहून अधिक भरला. उन्हाच्या भीतीने तयारी केलेल्यांवर पावसाने पीक झाकण्याची वेळ आणली.

वसंताच्या दुसऱ्या टोकासही अशीच अनिश्चितता असते. केरळात मान्सून दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख १ जून आहे. इ. स. २०२५ मध्ये तो २४ मे रोजीच आला. खानापूर-बेळगाव पट्ट्यात भाताची धूळवाफ पेरणी कोरड्या, भुसभुशीत जमिनीत मेअखेरीस केली जाते. मे महिना ओला गेला की तिच्यासाठी वाफसाच मिळत नाही. सारांश, ऋतूचा अदमास एकदाच ऐकून स्वस्थ बसू नये. दर आठवड्यास नवा अंदाज पाहावा.

वेधशाळेचा अंदाज कसा वाचावा?

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली. शेतीसाठी हवामानाचा स्वतंत्र अभ्यास करणारा विभाग पुणे येथे १९३२ मध्ये सुरू झाला आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी खास निवेदने प्रसारित होऊ लागली. आज अंदाज मुदतीनुसार निरनिराळे असतात. पुढील तीन तासांपर्यंतचा तात्कालिक इशारा विजा व वादळासाठी असतो. तीन दिवसांचा व दहा दिवसांपर्यंतचा अंदाज फवारणी, काढणी, पाणी देणे या कामांसाठी उपयोगी पडतो. दर गुरुवारी दोन ते चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज निघतो, तर मार्च ते मे या काळाचा ऋतुमानाचा अंदाज फेब्रुवारीच्या अखेरीस प्रसिद्ध होतो. दर मंगळवारी व शुक्रवारी कृषी-हवामान सल्ला दिला जातो. ज्याची मुदत जितकी लांब, त्याच्यात गावापुरता तपशील तितका कमी, हे ध्यानात ठेवावे.

सीमाभागातील वाचकांनी एक बाब विशेष लक्षात घेणे अगत्याचे आहे. हवामान खात्याने देशाचे ३६ उपविभाग केले आहेत. बेळगाव जिल्हा ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’ या उपविभागात मोडतो. निपाणीलगतचा कोल्हापूर जिल्हा ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागात आहे, गुंजीच्या पश्चिमेकडील मुलूख ‘कोकण व गोवा’ या उपविभागात, तर नैऋत्येकडील उत्तर कन्नड जिल्हा ‘किनारी कर्नाटक’ या उपविभागात येतो. आपल्याकडे मराठी बातम्या ऐकणारी घरे पुष्कळ असल्यामुळे ‘मध्य महाराष्ट्रात कोरडे हवामान’ एवढे ऐकून गुंजीचा शेतकरी निश्चिंत होण्याचा संभव असतो. आपल्या उपविभागाचा व जिल्ह्याचा अंदाज आधी पाहावा आणि त्याच्या जोडीस शेजारचा अंदाज ताडून पाहावा. वळवाचे ढग बहुधा घाटाच्या माथ्यावर बनत असल्याने गुंजीकरांना कोकण-गोव्याचा इशाराही उपयोगी ठरतो, निपाणीकरांना कोल्हापूरचा.

निवेदनातील शब्दांनाही ठरलेला अर्थ आहे. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे त्या क्षेत्रातील पंचवीस टक्के वा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे सव्वीस ते पन्नास टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे एक्कावन्न ते पंचाहत्तर टक्के आणि ‘बहुतेक ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक. तुरळक ठिकाणी पाऊस सांगितला आणि आपल्या शिवारात पडला नाही, तर अंदाज चुकला असे होत नाही. रंगांचेही तसेच आहे. हिरवा रंग निर्धास्ततेचा, पिवळा लक्ष ठेवण्याचा, नारिंगी सज्ज राहण्याचा व तांबडा तातडीने कृती करण्याचा.

उष्णतेच्या लाटेचा निकषही माहीत असावा. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंशांवर गेले आणि ते सरासरीहून साडेचार अंशांनी वा अधिक वाढलेले असले, तर तिला उष्णतेची लाट म्हणतात. आपल्या पठारावर पारा चाळिशी क्वचितच गाठतो. म्हणून येथे लाटेचा इशारा सहसा निघत नाही. याचा अर्थ अडतीस अंशांच्या उन्हात वीटभट्टीवर वा ऊसतोडीवर राबणाऱ्या मजुरास धोका नाही, असा मात्र नव्हे. दुपारी बारा ते तीन या वेळेतील अवजड काम टाळणे, पाणी वरचेवर पिणे व सावलीची सोय ठेवणे ही दक्षता इशारा नसतानाही घ्यावयास हवी.

पिके व व्यवसाय यांवरील परिणाम

काजूच्या मोहरास कोरडी व स्वच्छ हवा मानवते. ढगाळ व दमट हवा दोन-तीन दिवस टिकली की कोवळ्या पालवीवर व मोहरावर ढेकण्या किडीचा उपद्रव वाढतो. आंब्यावर याच हवेत तुडतुडे व भुरी यांचा जोर होतो. थंडी नेहमीपेक्षा लांबली तर हापूसला पुन्हा मोहर येतो आणि आधीच्या मोहराची लहान फळे गळतात. लाट ओसरून पारा एकाएकी चढला तरीही फळगळ होते. अशा वेळी तज्ज्ञांचा सल्ला घेऊन फवारणी करावी, झाडाच्या आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करावे आणि पाऊस अपेक्षित असल्यास फवारणी लांबणीवर टाकावी.

विडी तंबाखूचा कापलेला पाला शेतातच उन्हावर वाळवितात. त्यावर एक जोराची सर पडली तरी पानावरील डिंकासारखा अंश धुऊन जातो, रंग व वास बिघडतो आणि भाव उतरतो. तंबाखूचे क्षेत्र पूर्वीइतके राहिलेले नसले तरी ज्यांचे वर्षाचे उत्पन्न त्यावर आहे त्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये रोजचा अंदाज पाहणे व ताडपत्री हाताशी ठेवणे हिताचे आहे. हीच गोष्ट कच्च्या विटांची. खानापूर परिसर विटा, कौले व मातीकामासाठी प्रसिद्ध आहे. न भाजलेली वीट अर्ध्या तासाच्या वळवाने पुन्हा माती होते.

वळीव हा सर्वथा शत्रू मात्र नव्हे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी. पंधरा मिलिमीटरची एक चांगली सर एकरी साठ हजार लिटर पाणी देऊन जाते. उसाचे एक पाणी वाचते, जमीन नांगरटीस मऊ होते, तण उगवून पेरणीपूर्वी काढून टाकता येते आणि गुरांना हिरवा चारा लवकर मिळतो. तहानलेल्या ओढ्यांना व विहिरींना थोडा धीर येतो.

थंडीनंतरच्या कोरड्या वाऱ्यांत वणव्याचे भय अधिक असते. पानगळ झालेली असते, पालापाचोळा खडखडीत वाळलेला असतो आणि दुपारी हवेतील ओलावा फार कमी होतो. बांध जाळणे, राब भाजणे किंवा गवत पेटविणे ही कामे वाऱ्याच्या दिवशी दुपारी करू नयेत. खानापूर तालुक्याच्या अरण्यातून मलप्रभा व म्हादई या नद्या उगम पावतात. ते रान जळाले तर उन्हाळ्यातील झऱ्यांवर त्याचा परिणाम होतो.

पीक विमा उतरविलेल्या शेतकऱ्यांनी एक नियम स्मरणात ठेवावा. प्रधानमंत्री पीक विमा योजनेनुसार गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीने झालेल्या हानीची खबर बहात्तर तासांच्या आत द्यावी लागते. कापून शेतात वाळत ठेवलेल्या पिकाचे अवकाळी पावसाने नुकसान झाल्यास कापणीनंतर चौदा दिवसांपर्यंत संरक्षण मिळू शकते. शेताची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि होबळीच्या रयत संपर्क केंद्रात चौकशी करावी.

विजेपासून बचाव

वळवाच्या ढगांत सर्वांत भयंकर वस्तू म्हणजे वीज. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसे दगावली. यांत शेतात काम करणारे व गुरे राखणारे लोक अधिक सापडतात. पाऊस सुरू होण्यापूर्वीच वीज पडू शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. झाडाखालचा आसरा तर मृत्यूचाच आसरा ठरतो.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. आवाज एक किलोमीटर अंतर कापण्यास सुमारे तीन सेकंद घेतो. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे. एकटे झाड, विजेचा खांब, तारेचे कुंपण, तळे यांपासून दूर राहावे. जवळ घर नसेल तर सखल जागी, पाय जुळवून, डोके खाली घालून उकिडवे बसावे. आडवे पडू नये व घोळक्याने बसू नये. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला हात लावण्यास भिऊ नये. श्वास थांबला असल्यास तत्काळ छातीदाब व कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा आणि इस्पितळात न्यावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइलवरील साधन आसपासच्या विजांची सूचना देते. वाडीत एकाच्या मोबाइलवर ते असले तरी त्याने इतरांना हाक द्यावी.

शाळा व पंचायत यांचे कार्य

कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राने ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापके बसविली आहेत. त्यांची माहिती व जिल्ह्याचा रोजचा इशारा पंचायतीच्या फलकावर सकाळी मराठीत व कन्नडमध्ये खडूने लिहिला, तर मोबाइल नसलेल्या वृद्ध शेतकऱ्यासही तो वाचता येईल. त्यासाठी निराळ्या तरतुदीची आवश्यकता नाही.

शाळांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून हवामानाची वही ठेवून घ्यावी. पहाटेचे व दुपारचे तापमान, वाऱ्याची दिशा, दव पडले की नाही, ढगांचा प्रकार, एवढ्या पाच रकान्यांची नोंद इयत्ता सातवीच्या मुलांना सहज करता येते. सरळ कडांचा डबा मोकळ्या जागी ठेवून त्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजली की पाऊस मिलिमीटरमध्ये कळतो. थंडीची लाट आली त्या दिवशी वारा कोठून होता, ती गेल्यावर किती दिवसांनी तो पूर्वेकडे वळला, आणि पहिला वळीव त्यानंतर कधी पडला, हे मुलांनी स्वतः लिहिलेल्या आकड्यांतून उमगले म्हणजे भूगोलातील धडा त्यांना पाठ करावा लागणार नाही. अशा वह्या पाच-दहा वर्षे जपून ठेवल्यास गावाच्या हवामानाचा तो विश्वसनीय दप्तर-पुरावा होईल.

उन्हाळी सुटी लागेपर्यंत शाळा सकाळच्या वेळेत भरत असेल तरी सुटण्याच्या वेळी ऊन वाढलेले असते. दूरच्या वाड्यांतून चालत येणाऱ्या मुलांजवळ पाण्याची बाटली आहे की नाही, हे वर्गशिक्षकांनी पाहावे. आकाशात ढग जमून गडगडाट सुरू असल्यास मुलांना वाटेस लावू नये. अर्धा तास वर्गातच बसवून ठेवावे. परीक्षेच्या दिवशी घरी जाण्याची घाई असली तरी हा नियम मोडू नये, असे मुख्याध्यापकांनी पालकांनाही आधीच सांगून ठेवावे.